वृद्धाश्रमातील माणूस आणि त्याचे हक्क

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या मंगल प्रसंगी वृद्धाश्रमाचा विषय काढणे कित्येकांना औचित्यास धरून वाटणार नाही. परंतु पन्नास वर्षांपूर्वी ज्या तरुण दांपत्यांनी या हिंदीभाषक नगरीत आपले मंडळ उभे केले, त्यांच्यापैकी काही जण आज अशाच आश्रमांत राहतात. त्यांना वगळून हा उत्सव पुरा होईल, असे मला वाटत नाही.

माणूस वृद्धाश्रमात का गेला, याचा निवाडा करण्यास मी उभा नाही. कुणाची मुले परदेशी असतात, कुणाला मूलच नसते, कुणी स्वेच्छेने जातो. माझा प्रश्न निराळा आहे. आत जाणारा माणूस आपले हक्क उंबरठ्याबाहेर ठेवून जातो काय?

गेल्या वर्षी एका आश्रमात एक वृद्ध बाई भेटल्या. आयुष्यभर उत्तम हिंदी बोललेल्या. पण दुखण्यात त्यांच्या तोंडी मराठीच आली. पोटावर हात ठेवून त्या ‘कळ, कळ’ म्हणत होत्या. सेविकेने ते ‘कल’ असे ऐकले आणि दोन दिवस त्यांना उद्याचेच आश्वासन मिळत राहिले. सेविका निर्दय नव्हती. तिला मराठी येत नव्हते, इतकेच. पुढे बऱ्या झाल्यावर मी त्यांना विचारले, “आपण तक्रार का केली नाहीत?” त्या म्हणाल्या, “अहो, ज्यांच्याविरुद्ध बोलायचं, त्यांच्याच हातून रात्री पाणी प्यायचं असतं ना!”

साऱ्या प्रश्नाचे मूळ या उत्तरात आहे. हक्क असतात, ते मागण्याचे भय वाटते.

कायदा या बाबतीत मुका नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम स्थापण्याची आणि तेथील सेवेचा दर्जा राज्याने ठरविण्याची तरतूद आहे. निर्वाहाचा अर्ज करण्यास वृद्ध स्वतः असमर्थ असेल, तर त्याने अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था तो करू शकते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९१ साली स्वीकारलेल्या तत्त्वांनुसार, शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्धाचीही प्रतिष्ठा, श्रद्धा आणि खाजगीपण जपले पाहिजे. स्वतःच्या शुश्रूषेविषयी निर्णय घेण्याचा अधिकारही त्याचाच. अमेरिकेत १९७८ पासून प्रत्येक राज्याला अशा रहिवाशांची गाऱ्हाणी ऐकून त्यांची बाजू मांडणारी व्यवस्था ठेवावी लागते. प्रशिक्षित स्वयंसेवक तिचा मोठा आधार आहेत.

आपणही एवढे करू शकतो. मंडळाच्या दोन सभासदांनी दर आठवड्यास, व्यवस्थापकांच्या संमतीने, आश्रमात जावे. रहिवाशाशी एकान्तात, मराठीत बोलावे. जेवण रुचते का? औषध कशाचे, हे सांगितले जाते का? पेन्शनचे पासबुक कुणाच्या हाती असते? घरच्यांशी मोकळेपणी फोनवर बोलता येते का? जे कळेल, ते त्याच्या परवानगीनेच, आदरपूर्वक व्यवस्थापकांपुढे मांडावे. दाद न मिळाल्यास शासनाची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची दूरध्वनी सेवा आहे.

उद्याच्या समारंभात आपण संस्थापकांना शाल-श्रीफळ देणार आहोत. जे येथवर येऊ शकणार नाहीत, त्यांच्याकडे ते घेऊन जावे. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा, रिकाम्या हातांनी का होईना, जावे, एवढीच माझी विनंती आहे.