भिंतीवरचे बटण राहू द्या



उजेड कमीजास्त करणारा भिंतीवरचा जुना डिमर काढून मोबाइलवर चालणारी ‘स्मार्ट’ योजना घरी बसवावी काय, असे पुष्कळजणी मला विचारतात. अवश्य बसवावी, मात्र दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. नेहमीचा डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, तोडतो. तारेच्या जुन्या दिव्याला ते चालते. स्मार्ट दिव्याच्या पोटात मात्र स्वतःचे यंत्र असते. त्याला अखंड वीज लागते. डिमरवर तो लुकलुकतो, गुणगुणतो, बिघडतोही. म्हणून तो लावायचा तर डिमर काढलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट माणसांची. भिंतीवरचे बटण कोणी बंद केले, की स्मार्ट दिवा मोबाइलचे ऐकत नाही. आमच्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी रात्री उठून मोबाइल शोधावा काय? म्हणून आम्ही डिमर काढून मंद होऊ शकणारा एलईडी दिवा लावला आणि स्मार्ट नियंत्रक बटणामागच्या पेटीत बसवून घेतला. इंटरनेट गेले तरी बटण चालतेच. अशा बहुतेक नियंत्रकांना न्यूट्रलची तार लागते. ती पेटीत आहे का, हे खरेदीपूर्वीच वायरमनकडून पाहून घ्यावे. जोडणीही परवानाधारक वायरमननेच, मेन स्विच बंद करून करावी.

भगिनींनो, नवी सोय जरूर आणा. पण ती घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताला लागेल अशी आणा. नाहीतर दिव्याखाली अंधार व्हायचा!