बरं वाटतंय, तरी गोळी चालूच



आपल्या नोकरी-धंद्याविषयी बरेच जण बोलले. मी माझ्या आजाराविषयी बोलणार आहे. हा आजार लाजेपोटी लपवला जातो आणि लपवल्यानेच बिघडतो.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. यात मोठ्या आतड्याचे अस्तर सुजते, जखमा होतात, दिवसातून दहा-दहा वेळा रक्तासह शौचाला जावे लागते. याचा भाऊबंद क्रोन्स. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि सहकाऱ्यांनी तो १९३२ साली जगापुढे मांडला. आपल्या गावाचे नाव ज्यांच्या आडनावातून महाराष्ट्रभर गेले, ते नरहर कुरुंदकर सरही १९३२ चेच.

आपल्याकडे रक्त पडले की मूळव्याध समजून वर्ष-वर्ष झाडपाला करतात. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे, की दुर्बिणीची तपासणी आणि बायोप्सी करूनही डॉक्टरांना विचार करावा लागतो. हे नीट ठरणे फार गरजेचे, कारण क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले तर क्षय भडकतो.

या आजारात राखणीचे कुत्रे घरच्यांनाच चावू लागते. स्टेरॉईडने ते लगेच शांत होते, पण स्टेरॉईड वर्षानुवर्षे घेता येत नाही. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. सौम्य कोलायटिस मेसालामाइनवर आटोक्यात राहतो. तेवढ्याने ज्यांचे भागत नाही त्यांना अॅझाथायोप्रिनसारखी गोळी देतात. मीही तीच घेतो. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत ती तयार झाली. पुढे १९८८ साली दोघांना नोबेल मिळाले. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांनाही हीच गोळी देत आले आहेत.

या गोळीचा गुण यायला साधारण तीन महिने लागतात. तोवर धीर धरावा लागतो. आणि गुण आला, की मन म्हणते, आता कशाला? इथेच माणूस फसतो. बरे वाटते ते गोळी चालू असते म्हणून. ती सोडली की आजार पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. वसमतच्या हळदीच्या मुलखात राहून सांगतो, हळद जेवणात जरूर घ्या, पण ती या गोळीची जागा घेत नाही.

धोकेही सांगतो. काहींच्या शरीरात जन्मतःच ही गोळी नीट पचवण्याची सोय नसते. तिचा एक प्रकार आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, पहिल्या काही आठवड्यांतच केस मुठीने गळतात. म्हणून सुरुवातीला वरचेवर आणि पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी रक्ताची आणि यकृताची तपासणी चुकवायची नाही. ताप आला तर अंगावर काढायचा नाही. गाउटसाठी अॅलोप्युरिनॉल कुणी लिहून दिले, तर आधी या गोळीचे नाव सांगायचे. दोन्ही एकत्र घेतल्या तर जिवावर बेतू शकते. लिम्फोमा आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून उन्हात शेतात जाताना डोक्याला रुमाल आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा.

आता मुलींच्या आई-वडिलांसाठी. हा आजार असला तरी लग्न होते, मुलेही होतात. गरोदरपणात अॅझाथायोप्रिन बहुधा चालू ठेवतात. मेथोट्रेक्झेट मात्र दिवस राहण्याच्या काही महिने आधीच थांबवावे लागते. म्हणून आधी डॉक्टरांशी बोला, परस्पर काही बंद करू नका.

गुरुजनहो, वर्गातला एखादा मुलगा वारंवार "सर, बाहेर जाऊ का?" विचारत असेल, वजनाने उतरत असेल, तर त्याला रागावण्याआधी एकदा बाजूला घेऊन विचारा. मित्रांनो, घरात कुणी रक्त पडते म्हणाले, तर मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका.

आणि आज पंगतीत मी ठेचा नको म्हणालो, तर आग्रह करू नका. पुढच्या मेळाव्यालाही मला यायचे आहे.