गणिताच्या तासाची मराठी

या शिक्षक परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय ‘प्राथमिक वर्गांच्या पहिल्या सत्राचा विषयवार आढावा’ असा छापला आहे. तो लगेच उरकतो. जून ते दिवाळी या काळात पहिलीचे मूल अक्षरे ओळखू लागते, काना-मात्रेपर्यंत पोचते, वस्तू मोजून संख्या लिहिते, इंग्रजीतली गाणी म्हणते. दुसरीचे मूल जोडाक्षरांशी झुंजते आणि दोन अंकी बेरीज-वजाबाकी उभी मांडू लागते. तिसरीत परिसर अभ्यासाचे पुस्तक हाती येते. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचे तास वेळापत्रकात असतात आणि बऱ्याच शाळांत तिथेच राहतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास ठरवून दिले आहेत. सत्राच्या वाट्याला ढोबळमानाने 400 तास येतात. आढावा संपला. आता जे बोलायचे आहे ते बोलतो.

या 400 तासांत मूल जे काही शिकते, ते ऐकत, विचारत, सांगत शिकते. आपण मात्र भाषा हा इतर विषयांसारखाच एक विषय धरला आणि तिला तिच्या तासापुरते कोंडून ठेवले. त्याचे परिणाम भाषेच्या पेपरात दिसत नाहीत, गणिताच्या पेपरात दिसतात. एक उदाहरण घ्या. ‘रमाकडे 12 बोरे आहेत. सीमापेक्षा रमाकडे 5 बोरे जास्त आहेत. तर सीमाकडे किती बोरे?’ दुसरीच्या वर्गात हे घातले की 17 हे उत्तर हमखास येते. त्याच मुलांना 12 मधून 5 वजा करायला सांगा, बहुतेक जण 7 लिहून मोकळे होतात. म्हणजे वजाबाकी येते. अडते ते वाक्यात. जास्त कोणाकडे आहेत, कोणाशी तुलना चालली आहे आणि म्हणून सीमाकडे कमीच असणार, हा उलटा अर्थ मुलाला लावावा लागतो. तो लावायला आपण शिकवत नाही, युक्ती शिकवतो: ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘जास्त’ दिसले की पुन्हा बेरीज. मूल आपलीच युक्ती इमानाने वापरते, आपण त्यावर लाल रेघ ओढतो आणि प्रगतिपत्रकावर ‘गणितात कच्चा’ असा शेरा मारतो. परिसर अभ्यासाचीही तीच कथा. ओले कपडे कशामुळे वाळतात, या प्रश्नाखाली ‘बाष्पीभवनामुळे’ एवढे लिहिले की गुण मिळतो. पण मग पावसाळ्यात ते लवकर का वाळत नाहीत, असे विचारले की तो पाठ केलेला शब्द पांगळा पडतो. तिथे ‘हवा आधीच दमट असते, म्हणून’ असे कारण जोडणारे वाक्य लागते. ‘म्हणून’, ‘जर-तर’, ‘तरीसुद्धा’ हे कोणत्या विषयाचे शब्द? कोणत्याच विषयाचे नाहीत, म्हणून ते कोणीच शिकवत नाही.

यावर काही मित्र म्हणतील, मुलांच्या बोलण्याची तरतूद तर आहेच. मान्य. कायद्यापाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला 70 आणि संकलित म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाला 30 असा भार ठरला, आकारिकच्या आठ साधनांत ‘तोंडी काम’ आले. कागदावर याहून चांगले काही मागायला नको. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तोंडी काम म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी घाईघाईने भरलेला रकाना. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ मोबाइलवर फिरतात: ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘उदाहरणे अचूक सोडवतो’. पटावरच्या मुलीपुढेही ‘म्हणतो’च उतरलेले असते! मूल स्वतः काय म्हणाले, हे त्या नोंदींत कुठेच नसते. 17 का आले, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोनच शिक्षक. चार-पाच इयत्ता, त्यात पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणे. मुलांना बोलते करायला वेळ कुठून आणायचा? पण बहुवर्ग अध्यापनात शिक्षक एका इयत्तेपाशी असतो तेव्हा दुसऱ्या इयत्ता काय करत असतात? फळ्यावरचे उतरवून घेत असतात. त्या वेळात चौथीच्या मुलाने दुसरीतल्याला बोरांचा हिशेब तोंडी समजावला, तर शिक्षकाचे एक मिनिटही जास्त जात नाही. फक्त वर्गातला आवाज वाढतो आणि तो पर्यवेक्षकांना खपत नाही. तिसरा आक्षेप निपुण भारत या पायाभूत साक्षरतेच्या मोहिमेचा. 2021 पासून ओघवते वाचन आणि संख्याज्ञान हे लक्ष्य असताना बोलण्यावर भर कशाला? असे विचारणाऱ्यांनी निपुणचेच कागद पुन्हा पाहावेत. मौखिक भाषाविकास हा त्यात पायाभूत भाषेचा घटक म्हणून मांडला आहे. आपण मोजायला सोपे तेवढे उचलले.

आणि इंग्रजी माध्यमाकडे बोट दाखवणाऱ्यांना काय सांगू? मराठी मातृभाषा असलेल्या मुलाची मराठी शाळेत ही गत होते, तर ज्या भाषेत त्याला आईशी भांडता येत नाही तिच्यात त्याने कारणे कशी द्यावीत? मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलांवर आपण पिढ्यानपिढ्या नेमके हेच लादले. कोरकू मुंडा कुळातली आणि गोंडी द्राविडी. मराठीशी दोघींचे नाते नाही. त्या मुलाला संख्येची जाण नसते असे नाही, ती मराठीत सांगता येत नाही. त्याचे सांगणे पहिल्या सत्रात त्याच्याच भाषेत ऐकून घेतले, तर गणित थांबून राहणार नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. आपल्याला तर त्याच खोलीत बसून फक्त कान द्यायचा आहे.

पहिल्या सत्राचाच हट्ट का, असेही कोणी विचारील. बीडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या अनेक मुलांना विचारा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड फडाकडे निघते. हंगामी वसतिगृहात सोय झाली तर ठीक, नाहीतर त्या मुलाचे वर्ष म्हणजे जून ते दिवाळी एवढेच. त्याच्या 400 तासांतले किती तास उतरवून घेण्यात गेले, हा हिशेब आपण कधी मांडला नाही.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. परिषदेने यंदा मुलांनी दिलेल्या चुकीच्या उत्तरांमागची त्यांचीच कारणे, त्यांच्याच शब्दांत, निरनिराळ्या जिल्ह्यांतून गोळा करावीत. कोणी आणि कशी, ते कार्यकारिणीने ठरवावे. बोलीभाषांसाठी वेगळा गट हवा, त्याचीही आखणी व्हायची आहे. तोंडी कामाच्या रकान्यात गुणाऐवजी मुलाचे एक वाक्य लिहावे, असा ठराव मी सचिवांकडे दिला आहे. उद्याच्या खुल्या अधिवेशनात त्याला विरोध होणार हे ठाऊक आहे. विरोध करणाऱ्यांनी येताना आपल्या वर्गातल्या एका तरी मुलाचे वाक्य घेऊन यावे.