जळजळ थांबली, पण पाय बरा झाला का?

आज आमच्या गटातल्या एका काकूंची गोष्ट सांगतो.

काकूंना बारा वर्षांपासून शुगर आहे. रात्री तळपाय असे जळायचे, की अंगावरचं पांघरूणही नकोसं व्हायचं. आम्ही गावात योगाचा वर्ग सुरू केला, तशा त्याही येऊ लागल्या. काही महिन्यांनी म्हणाल्या, "जळजळ गेली गं, आता गोळ्या कशाला?" आम्हीही खूश झालो. तिथेच आमचं चुकलं.

एक दिवस शेतातून येताना चप्पल पायातून कधी निसटली, ते काकूंना कळलंच नाही. घरी सुनेला अंगठ्याखाली रक्त दिसलं. आत काटा रुतला होता. डॉक्टर म्हणाले, "पाय बरा झाला नव्हता, बधिर झाला होता." दोन महिने मलमपट्टी केली, तेव्हा अंगठा वाचला.

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की नसा खराब होतात. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून सुरुवात बहुधा पायाच्या बोटांपासून होते. मुंग्या येतात, आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं, आणि हळूहळू काहीच कळेनासं होतं. दुखणं हा आपला राखणदार आहे, बायांनो. तो झोपला, की जखम चिघळते आणि पाय कापायची पाळी येऊ शकते.

मग योग सोडायचा का? मुळीच नाही. गोळ्या आणि पथ्य सांभाळून केला, तर शुगर आटोक्यात ठेवायला, तोल सावरायला, झोप लागायला त्याची मदत होते. पण तो गोळ्यांचा सोबती आहे, त्यांच्या जागी तो चालत नाही.

आता आमच्या वर्गात आधी प्रत्येकीचे तळवे पाहतो. जखम असेल, तर त्या पायावर भार द्यायचा नाही, आधी दवाखाना. बधिर पायांच्या बायका खुर्चीवर बसून घोटे फिरवतात, बोटं उघडतात-मिटतात. उभं राहायचं ते भिंतीला धरून आणि डोळे उघडे ठेवून, कारण पायाला जमीन कळत नसेल, तर डोळे मिटताच तोल जातो. वज्रासनात पायांवर भार येतो, म्हणून ते त्यांना देत नाही. डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल, तर डोकं खाली जाणारी आसनं नाहीत, श्वासही कोंडायचा नाही. इन्सुलिन घेणाऱ्या बायका उपाशी येत नाहीत. थरथर सुटली, घाम फुटला, तर लगेच खायला साखर जवळ असते.

काकू आता रोज गोळ्या घेतात आणि वर्गालाही येतात.

मैत्रिणींनो, आज रात्री झोपण्याआधी आपले तळवे बघा. वाकता येत नसेल, तर खाली आरसा धरा. घरात कुणाला शुगर असेल, तर त्यांचेही बघा. अंघोळीचं पाणी पायाने नको, कोपराने तपासा. अनवाणी फिरू नका, शेकोटीवर पाय शेकू नका. तिशी ओलांडली असेल, तर उपकेंद्रात शुगर तपासून घ्या, तिथे ती मोफत होते.

आणि जळजळ आपोआप थांबली, तर खूश होण्याआधी पाय डॉक्टरांना दाखवा.