निवडायला बसताना

माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते, त्या दिवशी पहाटेपासून दिवे घाटाच्या वरच्या अंगाला फोटोग्राफरांची दाटी होते. काही वर्षांपूर्वी मीही तिथं पाच तास पावसात उभा होतो. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, पाय चिखलात, आणि जागा जाईल या भीतीनं पाणी प्यायलाही हललो नाही. अखेर वळणावळणांनी पताकांची रांग घाट चढताना दिसली आणि हवा होता तो फोटो मिळाला. घरी आल्यावर तो मी सगळ्यांत वर ठेवला.

त्या वारीचे साठेक प्रिंट आईपुढं पसरले. आईची नजर घाटावरून पुढं सरकली आणि भलत्याच एका फोटोवर थांबली. दोन बाया ओल्या लुगड्याची दोन टोकं धरून चालल्या आहेत, वाऱ्यानं लुगडं फुगलंय, आणि त्याच्या खालून पलीकडच्या एका लहान मुलाची नुसती पावलं दिसताहेत. "अरे, हे चालता चालता वाळतंय," आई म्हणाली. "मुक्कामाला पोचेस्तोवर नेसायजोगं होईल." हा फोटो मी कुठं काढला हेसुद्धा मला नीट आठवेना. बहुधा चहा शोधत जाताना.

म्हणजे मी आजवर स्वतःच्या कष्टांनाच गुण देत होतो. पावसातले ते पाच तास घाटाच्या फोटोत कुठंच नव्हते. ते फक्त माझ्या पायांना माहीत होते.

कष्टांसारखाच आनंदही फसवतो. अमेरिकेत गॅरी विनोग्रँड नावाचे रस्त्यावरचे फोटो काढणारे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. ते काढलेले रोल महिनोन्‌महिने, कधी वर्ष-वर्ष धुवायचेच नाहीत. फोटो काढताना मन आनंदात असेल, तर तो आनंद फोटोला चिकटतो आणि साधा फोटोही थोर वाटू लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. १९८४ साली ते वारले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. इतकं थांबावं असं मी म्हणणार नाही. पण महिनाभर फोटो झाकून ठेवले, तर ते दुसऱ्या कुणीतरी काढलेले वाटू लागतात, आणि मग डोळा खरं बोलतो.

फिल्मच्या काळात थांबणं आपसूक घडायचं. एका रोलमध्ये ३६ फोटो. निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर मांडून एकत्र छाप घ्यायचा, ती कॉन्टॅक्ट शीट. तिच्यावर भिंग ठेवून, लाल मेणाच्या पेन्सिलीनं एखाद्या चौकटीभोवती रेघ ओढायची. आता तीन दिवसांच्या वारीत माझ्याकडे १९०० फोटो जमतात. हललेले, डोळे मिटलेले, कुणाची छत्री मध्ये आलेली, हे पहिल्या चाळणीत जातात. त्यात विचार करण्याजोगं काही नाही.

खरी परीक्षा सारख्या फोटोंची. एका मुक्कामाला दोन बायका फुगडी घालत होत्या, त्याचे २२ फोटो निघाले. एकात दोघींचे चेहरे स्वच्छ, हसरे, पण पाय जमिनीला टेकलेले, फुगडी जणू थांबलेली. दुसऱ्यात एकीच्या तोंडावर पदर आलेला, दुसरीची वेणी आडवी उडालेली, आणि चारांपैकी तीन पावलं हवेत. पहिला फोटो त्या दोघींना देण्यासाठी उत्तम, आणि तो मी त्यांना दिलाही. माझ्याकडे ठेवला तो दुसरा. फुगडी त्यात होती. आता मी चेहऱ्याकडे शेवटी बघतो; आधी हात, मग पावलं, मग फोटोच्या चारी कडा. कडेला अर्धवट कापलेला एखादा खांदा चांगल्या फोटोचा घात करतो, आणि चेहऱ्यात गुंतलेल्या नजरेला तो दिसत नाही.

निवडलेले फोटो एकमेकांशेजारी कसे बसतात, हेही बघावं लागतं. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक १९५५ साली मिळालेल्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर अमेरिकाभर मोटारीनं हिंडले. सुमारे २७ हजार फोटो निघाले. त्यांतून हजारेक प्रिंट केले, भिंतीवर टाचले, जमिनीवर पसरले, आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात राहिले ८३. पण मला त्या आकड्याहून त्या फोटोंची मांडणी जास्त शिकवून गेली. अधूनमधून अमेरिकेचा झेंडा असलेला फोटो येतो आणि त्याच्या पाठोपाठचे साधे चेहरे वेगळे दिसू लागतात. म्हणून मीही शेवटचे शंभर फोटो छोट्या कागदांवर छापून घरातल्या फरशीवर मांडतो. एकटा असताना ऐटदार वाटणारा फोटो शेजार मिळाला की कधी कधी मुका होतो. घाटाच्या फोटोचं तेच झालं. लुगड्याच्या शेजारी तो नुसता देखावा उरला.

गळालेल्या फोटोंचं काय करायचं? १९३०च्या दशकात अमेरिकी सरकारनं मंदीनं पोळलेल्या शेतकऱ्यांचे फोटो काढून घेतले. त्या कामाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला चक्क भोक पाडत. त्या निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांच्या छापांत कुठं शेतात, कुठं एखाद्या माणसाच्या तोंडावर, काळा गोल. ते बघताना माझ्या पोटात कालवतं. संगणकावर पुसून टाकायची कळ दाबताना मला तो गोल दिसतो, आणि निव्वळ हललेले सोडले तर मी काही पुसत नाही. लुगड्याचा फोटो आईपुढं मांडलेल्या त्या साठांत कसाबसा आला होता, हे विसरता येत नाही.

यंदाच्या वारीचे फोटो अजून कार्डातच आहेत. या वेळी दिवे घाटात मी उभा राहिलो नाही, दिंडीबरोबर चालत वर चढलो. काय मिळालंय ते गणपती झाले की बघीन. आईलाही तसं सांगून ठेवलंय.