गावठाणातले घर कोणाच्या दप्तरी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या आनंदाच्या दिवशी हा विषय थोडा रुक्ष वाटेल. जमीन, मोजणी, फेरफार ही पुरुषांनी चावडीवर बसून बोलायची गोष्ट, असे आपण धरून चालतो. शेताचे एक वेळ राहू द्या; मी घराविषयी बोलणार आहे. ज्या घरात आपण चूल पेटवली, ज्याची ढाळज सणासुदीला सारवली, ते घर कागदावर कोठे आहे?

आपण नांदेड-लातूरकडच्या बहुतेकजणी मूळच्या खेड्यातल्या. खेड्यात शेताचा सातबारा तलाठ्याकडे (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) आणि गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये. नमुना ८ चा उतारा म्हणजे घराचा सातबारा, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. ते घरपट्टीच्या आकारणीचे रजिस्टर आहे. पट्टी कोणाकडून घ्यायची एवढे ते सांगते. मालक कोण, हे त्यावरून सिद्ध होत नाही. नगरभूमापन झाले ते शहरांचे आणि काही मोठ्या गावांचे. लहान गावे बहुतेक तशीच राहिली.

आपल्या भागात तर कागदांचा घोळ जुनाच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामी अंमल. पटवारी, फसली साल आणि उर्दू दप्तर. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत आणि १९८२ पासून लातूरमध्ये. माळवद जागचे हलले नाही, पण जिल्हे तीन झाले! शेताच्या तंट्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक तरी आधाराला सापडते. घराला तसा आधार नाही. भाऊबंदकीत भिंत पडली, बखळ झाली, की जो आधी दगड रचील त्याची जागा.

हे मिटावे म्हणून गावठाणांची मोजणी हाती घेण्यात आली. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी तिचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ नावाने देशभर योजना सुरू केली. गावात आधी चुन्याने घराघराच्या हद्दी आखतात, मग ड्रोन वरून छायाचित्रे घेते, त्यावरून नकाशा होतो, भूमी अभिलेख खात्याची माणसे चौकशी करतात आणि शेवटी मिळकत पत्रिका हाती येते. १८ जानेवारी २०२५ या एका दिवशी देशात ६५ लाखांवर पत्रिकांचे वाटप झाले.

इथवर ठीक. पण पत्रिका छापली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जुनी होऊ लागते. माणसे मरतात, घरे विकली जातात, वाटण्या होतात. तेव्हा ही नोंद पुढे कोणी चालवायची? पंचायत राज्याचे अभिमानी म्हणतात, घर गावात, पट्टी गावात, मग दप्तरही ग्रामपंचायतीकडेच द्या. तालुक्याच्या खेपा वाचतील, हे खरेच आहे. एका वारसाच्या नोंदीसाठी म्हाताऱ्या बाईने किती वेळा एस.टी.त बसायचे?

तरीही सगळे दप्तर आज गावाच्या हवाली करावे, असे मला वाटत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली. त्यात भूसुधारणा आहे, जमिनींचे एकत्रीकरण आहे. हक्कनोंदीचे दप्तर सांभाळणे नाही. आणि कायद्याचे सोडले तरी, ग्रामसेवकाकडे कित्येकदा दोन-दोन गावे. मोजणीचे शिक्षण त्याला नाही. शिवाय पंचायत निवडणुकीतून येते. ज्याच्या विरुद्ध आपण मत दिले त्यानेच आपली हद्द ठरवायची, हे कोणाच्या मनाला रुचेल? मोजणी आणि अपील भूमी अभिलेखाकडेच राहावे. मात्र वारसाचा अर्ज घेणे, नोंदीची नोटीस फलकावर लावणे, हरकत ग्रामसभेत वाचून दाखवणे, एवढे काम पंचायत आजही करू शकते, आणि ते तिला मिळावे.

पंचायतीची तयारी कळायला एक जुनी कसोटी आहे. २००३ साली नमुना ८ वर पती-पत्नी दोघांची नावे लावावीत, असे शासनाने ग्रामपंचायतींना सांगितले. त्याला पैसा लागत नव्हता, यंत्र लागत नव्हते. तुमच्या गावच्या उताऱ्यावर तुमचे नाव आहे का, ते बघा. म्हणजे पंचायत कितपत तयार आहे ते समजेल. परदेशचे उदाहरण सांगायचे तर इथिओपियासारख्या गरीब देशात, या शतकाच्या आरंभी, गावोगावच्या समित्यांनी शेतजमिनीचे दाखले दिले, आणि काही प्रांतांत त्यांवर नवरा-बायको दोघांचेही फोटो लावले. कागदावर चेहरा असला की बायकोला वगळून व्यवहार करणे अवघड जाते.

आपल्याकडे मुलींचा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली कायद्यात आणला. पण हक्कसोड लिहून घेण्याची घाई अजून गेलेली नाही. भाऊबीजेला साडी आणि त्याच आठवड्यात सहीला तालुक्याला! मी सही करू नका म्हणत नाही. वाचून करा म्हणते.

चौकशीला खात्याची माणसे येतात तेव्हा बहुधा घरातला कर्ता पुरुषच पुढे होतो. त्या दिवशी आपणही दारात उभे राहायचे. विधवा सून, माहेरी परतलेली लेक, यांची नावे तेव्हाच सांगायची. नंतर दुरुस्तीला फार दगदग होते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तेथे हा विषय काढता येतो. पंचायतीत निम्म्या जागा आता बायकांच्या आहेत, तेव्हा ऐकायला कोणी नाही असे म्हणायचीही सोय उरलेली नाही.

नमुना ८ चा एक कोरा कागद आणि मिळकत पत्रिकेची एक प्रत, नावे झाकून, मी येथे टेबलावर ठेवली आहे. चहा होईपर्यंत दोन्ही शेजारी ठेवून बघा, आणि ज्यांना आपल्या गावचा उतारा मागवायचा आहे त्यांनी चिटणीसबाईंकडे गाव व तालुका लिहून द्यावा.