नळीवरचा ताण



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की श्रोते बोनसची वाट पाहतात. मी आज नळीविषयी बोलणार आहे. मी इंजिनिअर नव्हे. सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागलो आणि जे काही शिकलो ते पुढे, दिव्याखाली बसून.

रासायनिक कारखान्यांत आम्लासाठी काचतंतू आणि रेझिन यांची नळी वापरतात, कारण पोलाद आम्लाने खाल्ले जाते. ती कशी करतात हे पाहिले तेव्हा मला आमचे खातेच आठवले. रेझिनमध्ये भिजवलेले तंतू साच्यावर तिरपे गुंडाळत जातात. कोन सुमारे 55 अंशांचा. हाच का? दोन्ही टोके बंद असलेल्या नळीत दाब भरला, की भिंतीला परिघाच्या दिशेने जेवढा ताण बसतो त्याच्या निम्माच लांबीच्या दिशेने बसतो. रबरी नळ फुगून फुटतो तेव्हा उभा चिरतो तो म्हणूनच. 100 मिलिमीटर पोकळीची, 5 मिलिमीटर जाडीची नळी घ्या. आत दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो दाब असेल, तर परिघावर 100 किलो आणि लांबीत 50. तंतू 55 अंशांनी टाकले म्हणजे बळ याच प्रमाणात वाटले जाते. फार सुंदर हिशेब आहे! पण तो केवळ दाबाचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

एका कारखान्यात अशाच नळीच्या मोकळ्या टोकाला, आधारापासून 80 सेंटिमीटरवर, 60 किलोचा बिडाचा व्हॉल्व्ह लटकवला होता. आधाराजवळच्या जोडाला रोज सकाळी घाम फुटलेला दिसे, आणि तोही वरच्या अंगाला. गळती खालून व्हायची, वरून कशी, असे आमच्या एका हेल्परने विचारले. उत्तर मिळाले की दीडपट दाबाची चाचणी झाली आहे, काळजी नको.

आम्ही कागद घेऊन बसलो. लटकत्या वजनाने नळी वाकते आणि आधारापाशी तिची वरची बाजू लांबीच्या दिशेने ताणली जाते. त्या वजनाचा ताण आला सुमारे 110 किलो. दाबाचे 50 त्यात मिळवले की 160. म्हणजे जिथे तंतूंचे बळ मुळातच निम्मे, तिथे तिपटीहून अधिक भार. पोलाद अशा वेळी थोडे नमते, वाकून दाखवते. ही नळी तशी नमत नाही. रेझिनमध्ये बारीक चिरा पडतात, त्यांतून द्रव पाझरतो. तो घाम हीच तिची बोली.

उष्णतेचेही असेच. ही नळी पोलादाच्या सुमारे दीडपट लांबते. 30 मीटरची नळी 50 अंशांनी तापली, तर 27 मिलिमीटर. ती पोलादाहून पुष्कळ मऊ असल्यामुळे बांधलेल्या जागी जोर कमी लावते, पण आधार दूर दूर ठेवले तर झोळीसारखी लोंबते. पोलादाचे आधार जसेच्या तसे हिला लावणे म्हणजे थोरल्याचा अंगरखा धाकट्याला घालणे.

केवळ दाब पाहण्याची चूक मोठमोठ्यांनी केली आहे. इंग्लंडात फ्लिक्सबरो येथे 1974 साली एक रिअॅक्टर काढून त्याच्या जागी तात्पुरती नळी घातली. ती पोलादी होती, दोन्ही टोकांना लवचीक बेलोज, आणि मधे दोन ठिकाणी वाकवलेली. तिचा आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला होता. सरळ नळी म्हणून ती दाब सोसेल एवढे पाहिले. वाकणामुळे दाबच तिला पिळून वाकवील, हा हिशेब कोणी केला नाही. कारखान्यातली वर्क्स इंजिनिअरची जागा त्या वेळी रिकामी होती. 1 जून रोजी नळी निखळली, सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा स्फोट झाला आणि 28 माणसे गेली. तो शनिवार होता. कचेरीतली माणसे घरी होती.

आमच्याकडे आमचा कागद वर गेला आणि व्हॉल्व्हखाली अँगलचा पाय बसला. जोड मात्र कापून नवा घालावा लागला. कापलेला तुकडा हेल्परने मागून घेतला. त्याच्या वरच्या अंगावरच्या चिरा नखाला लागतात.